एकाच रकान्यातले आकडे: आर मध्ये काप कुठे द्यायचा आणि कधी द्यायचाच नाही

प्रश्न असा: एका रकान्यात काहीशे ते काही हजार आकडे आहेत. त्यांचे ‘नैसर्गिक’ गट आर ने (संख्याशास्त्राच्या संगणकभाषेने) आपणहून शोधून द्यावेत. ‘केमीन्स’ हे सरासऱ्यांभोवती गट पाडणारं फंक्शन वापरून पाहिलं, पण दर वेळी थोडं वेगळं उत्तर येतं, शिवाय गट किती हे आधी सांगावं लागतं. यापेक्षा बरा मार्ग आहे का?

आहे. उत्तर दर वेळी बदलण्याची तक्रार पूर्ण मिटते. त्यासाठी पॅकेज (आर ला जोडायचा तयार फंक्शनांचा संच) बदलावं लागतं, इतकंच. ‘गट किती’ हा प्रश्न मात्र कुठलंही पॅकेज परस्पर सोडवत नाही. त्याच्या आधी ‘गट कशाला म्हणायचं’ हे ठरवावं लागतं, आणि प्रत्येक पद्धत ते तुम्हाला न विचारता आधीच ठरवून बसलेली असते. म्हणून पद्धती एकेक करून घेऊ, आणि प्रत्येकीच्या पोटात कोणती व्याख्या दडली आहे तेही पाहू.

सुरुवातीला एका मितीची, म्हणजे एकच रकाना असण्याची, सोय ओळखा. आकडे चढत्या क्रमाने लावले की गट म्हणजे त्या रांगेतला सलग तुकडा. तीन गट पाडायचे म्हणजे रांगेत दोन ठिकाणी काप द्यायचा. आर बरोबरच ‘फेथफुल’ नावाचा डेटासेट येतो: अमेरिकेतल्या येलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या ‘ओल्ड फेथफुल’ या उष्णोदकाच्या कारंज्याच्या २७२ नोंदी. एका रकान्यात उद्रेक किती मिनिटं चालला ते, दुसऱ्यात पुढच्या उद्रेकापर्यंत किती मिनिटं गेली ते. या २७२ आकड्यांचे तीन गट पाडायचे तर २७१ फटींतून दोन निवडायच्या, म्हणजे जास्तीत जास्त ३६,५८५ पर्याय. संगणक हे सगळे तपासून सर्वोत्तम कोणता ते ठामपणे सांगू शकतो. दोन किंवा अधिक मितींत ही चैन नसते. तिथे अंदाजाने सुरुवात करून हळूहळू सुधारत जावं लागतं. ‘केमीन्स’ ही तिथली हत्यारं घेऊन एका मितीत उतरते, आणि म्हणूनच अडखळते.

आर मधलं ‘केमीन्स’ मुळात १९७९ सालची हार्टिगन-वाँग पद्धत वापरतं. सुरुवातीची केंद्रं (ज्यांच्याभोवती गट जमतात ते आकडे) ते यदृच्छेने निवडतं आणि तुम्ही काही सांगितलं नाही तर हा प्रयोग एकदाच करतं: ‘एनस्टार्ट’ची मूळ किंमत १ आहे, आणि जास्तीत जास्त फेऱ्या १०. सुरुवात वाईट झाली तर दोन केंद्रं एकाच दाट गटात जाऊन बसतात आणि दूरचे दोन गट तिसऱ्या केंद्राच्या गळ्यात पडतात. तिथून ते स्वतःहून बाहेर पडत नाही. ‘एनस्टार्ट’ ५० केलं की हा त्रास बराच कमी होतो, आणि यदृच्छेची सुरुवात ठरवून देणाऱ्या ‘सेट सीड’ने उत्तर गोठवता येतं. पण गोठवलेलं उत्तर बरोबरच असतं असं नाही, हे लक्षात असू द्या. दुसरी बारीक अडचण अशी, की गटांचे क्रमांक कसेही येतात: सर्वांत लहान आकड्यांचा गट कधी २, कधी ३. पुढे कोणी ‘गट १ म्हणजे कमी’ असं धरून अहवाल बनवला की घोळ. म्हणून ‘केमीन्स’ वापरायचंच असेल तर केंद्रांचा चढता क्रम ‘ऑर्डर’ने काढा आणि ‘मॅच’ने क्रमांक बदलून घ्या.

त्यापेक्षा ‘सीकेमीन्स डॉट वन-डी डॉट डीपी’ हे पॅकेज बसवा. हायझोऊ वांग आणि मिंगझोऊ साँग यांनी ते २०११ मध्ये मांडलं. उद्दिष्ट ‘केमीन्स’चंच: प्रत्येक आकड्याचं आपल्या गटाच्या सरासरीपासूनचं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, ती बेरीज कमीत कमी हवी. फरक हा, की हे पॅकेज किमान बेरीज हमखास शोधतं. युक्ती डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची आहे. पहिल्या शंभर आकड्यांचे तीन गट उत्तम कसे पडतील? शेवटचा गट कुठून सुरू होतो ते एकेक करून पाहा. त्याच्या आधीच्या आकड्यांचे दोन गट उत्तम कसे पडतात ते कोष्टकात आधीच लिहून ठेवलेलं असतं. असं कोष्टक भरत गेलं की शेवटच्या चौकटीत उत्तर हजर. मूळ पद्धतीत आकडे दुप्पट झाले की वेळ चौपट व्हायचा. नंतरच्या आवृत्त्यांत तो आकड्यांच्या प्रमाणातच वाढतो, त्यामुळे लाखो नोंदींनाही अडत नाही. गटांचे क्रमांक लहानाकडून मोठ्याकडेच येतात, आणि तोच डेटा दिला तर उत्तरही तेच येतं.

ही पद्धत स्वतः लिहून पाहायची हौस अनेकांना असते, आणि लिहायला ती अवघडही नाही: आकड्यांच्या आणि त्यांच्या वर्गांच्या चढत्या बेरजा ठेवल्या की कुठल्याही तुकड्याचा खर्च एका वजाबाकीत मिळतो. पण आकडे प्रचंड असतील, उदाहरणार्थ १९७० पासूनच्या सेकंदांत मोजलेल्या वेळा, तर त्यांच्या वर्गांच्या बेरजांची वजाबाकी करताना महत्त्वाचे अंकच गळून जातात आणि खर्च कधी कधी चक्क ऋण येतो. म्हणून आधी सगळ्या आकड्यांतून मध्यक वजा करा. गट बदलत नाहीत, अचूकता वाचते.

ही कल्पना २०११ ची नाही, बरं का. वॉल्टर फिशर यांनी १९५८ मध्येच एका मितीतल्या इष्टतम गटांचा प्रश्न मांडून सोडवला होता. पुढे नकाशे रंगवताना वर्ग कसे पाडावेत यासाठी कॅन्सस विद्यापीठाचे जॉर्ज जेंक्स यांनी तोच विचार रूढ केला, आणि नकाशावाल्यांच्या जगात त्याला ‘जेंक्स ब्रेक्स’ हे नाव पडलं. आर मध्ये तो ‘क्लासइंट’ पॅकेजच्या ‘क्लासइंटरव्हल्स’मध्ये मिळतो. तिथे ‘जेंक्स’ आणि ‘फिशर’ अशा दोन्ही शैली आहेत; ‘फिशर’ घ्या, ती बरीच वेगवान आहे. ‘जेंक्स’ शैलीत वर्गांची बंद बाजू उजवी असते, म्हणजे वरच्या सीमेवरचा आकडा त्याच वर्गात धरला जातो, त्यामुळे सीमेवर बसलेला आकडा तुमच्या अपेक्षेच्या शेजारच्या वर्गात जाऊ शकतो.

आता या सगळ्या कुटुंबाची व्याख्या पाहा. गट म्हणजे ‘आपल्या सरासरीभोवती घट्ट बसलेले आकडे’. अंतराचा वर्ग होत असल्याने लांबचा आकडा फार महाग पडतो. त्याचे दोन परिणाम ठरलेले. एक, एखादा एकांडा आकडा फार दूर असेल तर त्याला स्वतंत्र गट मिळतो आणि तुमच्या पाच गटांपैकी एक त्याच्यावरच खर्ची पडतो. अशा वेळी त्याच पॅकेजमधलं ‘सीकेमीडियन’ वापरून पाहा. तिथे वर्गाऐवजी साधं अंतर आणि सरासरीऐवजी मध्यक असतो. दुसरा परिणाम जास्त फसवा आहे: काप नेहमी दोन सरासऱ्यांच्या मधोमध पडतो, गट किती पसरट आहेत ते न पाहता. समजा एक गट ५० भोवती आहे, प्रमाण विचलन (पसरटपणाचं माप) १५. दुसरा ९० भोवती, प्रमाण विचलन २. काप ७० ला पडला तर पहिल्या गटाचे सुमारे ९ टक्के आकडे दुसऱ्यात जातात. ते गेले की दुसऱ्याची सरासरी खाली ओढली जाते आणि काप आणखी डावीकडे सरकतो. डोळ्यांना दिसणारी सीमा मात्र ८४-८५ च्या आसपास असते. पसरट आणि घट्ट गट शेजारी असतील तर वर्गांच्या बेरजेवर विसंबू नका, मग ती कितीही अचूक किमान केलेली असो.

फटींवरून गट पाडणं ही अगदी वेगळी व्याख्या: लागोपाठच्या दोन आकड्यांत मोठी मोकळी जागा आली की गट तुटला. करायला सगळ्यांत सोपी. ‘सॉर्ट’ करा, ‘डिफ’ने लागोपाठचे फरक काढा, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा फरक आला तिथे १ आणि बाकी ठिकाणी ० लिहा, आणि त्याची ‘कमसम’ने चढती बेरीज घ्या. बेरजेत १ मिळवला की तोच गटाचा क्रमांक. हेच काम लोक ‘डिस्ट’ आणि ‘एचक्लस्ट’मधल्या ‘सिंगल’ पद्धतीने करतात. उत्तर तेच येतं, पण ‘डिस्ट’ सगळ्या जोड्यांची अंतरं साठवतं: २०,००० आकड्यांना जवळपास २० कोटी अंतरं, म्हणजे सुमारे १.६ जीबी मेमरी. एका रांगेसाठी हा उद्योग कशाला?

या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवणारा डेटासेट ‘मास’ पॅकेजमध्ये आहे: ‘गॅलक्सीज’. उत्तर मुकुट तारकासमूहाच्या दिशेने दिसणाऱ्या ८२ दीर्घिकांचे वेग, सेकंदाला किलोमीटरमध्ये. क्रमाने लावले की पहिले सात ९,१७२ ते १०,४०६ मध्ये येतात. मग एकदम १६,०८४. तिथून मधले ७२ आकडे २६,९९५ पर्यंत जातात. पुन्हा पाच हजारांहून मोठी उडी, आणि शेवटी तीन: ३२,०६५, ३२,७८९, ३४,२७९. फटींच्या हिशेबाने तीन गट, ७, ७२ आणि ३, वाद नाही. पण संख्याशास्त्रज्ञ या ८२ आकड्यांवर अनेक वर्षं भांडत आले आहेत, आणि कोणाला तीन तर कोणाला सात गट दिसले आहेत. भांडण सगळं मधल्या ७२ चं. तिथे मोठी फट नाही, पण दाटी कमी-जास्त होते. फटींची पद्धत त्याबद्दल काहीच बोलत नाही. दोन गटांच्या मध्ये चार-पाच आकडे विखुरलेले असले तरी ती दोन्ही गट एकच समजते. (याच डेटासेटच्या मदतपानावर एक कबुली आहे: ७८ वा आकडा २६,६९० छापला गेला आहे, तो २६,९६० हवा. वापरण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या.)

तर मर्यादा किती ठेवायची? फटींचा स्वतःचा आलेख काढा, मोठीकडून लहानीकडे. दोन-तीन फटी उंच आणि बाकी जमिनीसरपट असतील तर उत्तर समोरच आहे. उतार सावकाश असेल तर ही पद्धत सोडा. टोकाकडे आकडे नेहमीच विरळ असतात, तिथल्या फटी आपोआप मोठ्या येतात. म्हणून ‘सगळ्यांत मोठ्या तीन फटी’ असा नियम लावला की बहुधा टोकाचे एकेकटे आकडे गट म्हणून कापले जातात.

बहुतेकांच्या मनात ‘नैसर्गिक गट’ म्हणताना जे असतं ते म्हणजे आलेखातले उंचवटे, आणि दोन उंचवट्यांमधली दरी म्हणजे सीमा. त्यासाठी घनतेचा, म्हणजे आकडे कुठे किती दाट आहेत ते दाखवणारा, वक्र लागतो. ‘डेन्सिटी’ फंक्शन ५१२ बिंदूंवर वक्राची उंची देतं. त्या उंचींचा ‘डिफ’ घ्या, त्याचं ‘साइन’ घ्या, आणि पुन्हा ‘डिफ’. जिथे २ येतं तिथे वक्र उतरून चढू लागला, म्हणजे दरी. जिथे उणे २ येतं तिथे शिखर. दोनदा ‘डिफ’ घेतल्याने जागा एकने मागे सरकते, म्हणून मिळालेल्या क्रमांकात १ मिळवायला विसरू नका. दऱ्यांच्या जागा ‘कट’ला द्या, दोन्ही टोकांना उणे आणि अधिक अनंत लावा, गट तयार.

या पद्धतीचा जीव बँडविड्थमध्ये, म्हणजे वक्र किती गुळगुळीत करायचा ते ठरवणाऱ्या रुंदीत, आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात. ‘डेन्सिटी’ची मूळ बँडविड्थ ‘एनआरडी-झिरो’ या नियमाने येते: प्रमाण विचलन आणि चतुर्थकांमधलं अंतर (मधल्या निम्म्या आकड्यांचा पल्ला) भागिले १.३४, यांतलं जे लहान ते घ्या, त्याला ०.९ ने गुणा आणि आकड्यांच्या संख्येच्या पाचव्या मुळाने भागा. आता ‘फेथफुल’मधला उद्रेकांचा रकाना घ्या. प्रमाण विचलन १.१४ मिनिटं, २७२ चं पाचवं मूळ ३.०७, हिशेब केला की ०.३३४८ येतं. पण हे १.१४ कशामुळे आलं? दोन गट, एक दोन मिनिटांच्या आसपास आणि दुसरा सव्वाचार मिनिटांच्या, एकमेकांपासून दूर आहेत म्हणून. प्रत्येक गट स्वतःपुरता खूपच घट्ट आहे. म्हणजे गट जितके दूर, तितका हा नियम वक्र जास्त गुळगुळीत करतो आणि गट पुसट करतो. शोधायचं आहे त्याच्या नेमकं उलटं. शेदर-जोन्स पद्धत, म्हणजे बँडविड्थला ‘एसजे’, याच रकान्याला ०.१४ देते, निम्म्याहूनही कमी. आर ची स्वतःची मदतपानंही सांगतात की ‘एनआरडी-झिरो’ जुन्या सवयीपोटी मूळ निवड म्हणून राहिलंय, शिफारस म्हणून नव्हे. गट शोधताना ‘एसजे’पासूनच सुरुवात करा.

मात्र ‘एसजे’ प्रामाणिक असल्याने आकड्यांची खोडही प्रामाणिकपणे दाखवतं. आकडे पाचाच्या किंवा दहाच्या पटीत सांगितलेले असले की ते प्रत्येक पटीवर उंचवटा काढतं. भारतातल्या जनगणनेत वयं शून्य आणि पाचावर संपणाऱ्या आकड्यांवर साचतात हे प्रसिद्धच आहे. तसा रकाना दिलात तर ३०, ३५, ४० हे ‘नैसर्गिक गट’ म्हणून हाती येतील. उपाय दोन: बँडविड्थ पूर्णांकनाच्या पायरीपेक्षा मोठी ठेवा, किंवा प्रत्येक आकड्यात पायरीच्या अर्ध्याइतका यादृच्छिक हलका हेलकावा मिसळा आणि हे दहा-वीस वेळा करून टिकणाऱ्या दऱ्याच घ्या. वेगवेगळे आकडे किती आहेत ते ‘युनिक’ लावून आधी मोजा. दहा हजार नोंदींत वेगळे आकडे ४० च असतील तर तो अखंड डेटा नव्हेच. तिथे ‘टेबल’ काढून पाहणं पुरतं.

उथळ दऱ्या गाळायच्या कशा? माझा कल साध्या कसोटीकडे आहे: दरीची उंची तिच्या दोन शेजारच्या शिखरांपैकी ठेंगण्या शिखराच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तरच ती दरी धरा, आणि पडलेल्या गटात एकूण आकड्यांच्या किमान २-३ टक्के आकडे हवेत. हे उंबरठे दैवी नाहीत. पण आधी ठरवून लिहून ठेवलेले असले की निकाल पाहून ते हलवण्याचा मोह होत नाही. किती उंचवटे हवेत हे ठाऊक असेल तर ‘मल्टिमोड’ पॅकेजमधलं ‘लोकमोड्स’ नेमके तेवढेच उरतील अशी बँडविड्थ शोधून शिखरांच्या आणि दऱ्यांच्या जागा देतं.

चौथी व्याख्या मिश्रणाची: डेटा म्हणजे दोन-तीन घंटाकृती वितरणांची सरमिसळ, आणि गट म्हणजे आकडा कोणत्या घंटेतून आला असण्याची शक्यता जास्त. ‘एमक्लस्ट’ पॅकेज हे करतं, १ ते ९ घटक तपासतं आणि बीआयसीवरून (नमुना किती नीट बसतो आणि किती गुंतागुंतीचा आहे यांचा तोल पाहणाऱ्या निकषावरून) निवडतं. एका मितीत दोनच नमुने असतात: ‘ई’, म्हणजे सगळ्या घंटांचा पसरटपणा सारखा, आणि ‘व्ही’, म्हणजे प्रत्येकीचा वेगळा. ‘फेथफुल’च्या प्रतीक्षेच्या रकान्याला ते ‘ई’ आणि दोन घटक निवडतं: सरासऱ्या सुमारे ५४.६ आणि ८०.१ मिनिटं, दोन्हींचं प्रमाण विचलन ५.९ च्या आसपास, पहिल्या गटाचा वाटा ३६ टक्के. गटांत ९९ आणि १७३ नोंदी पडतात. ‘केमीन्स’ने त्याच दोन गटांत १०० आणि १७२. हा एका नोंदीचा फरक योगायोग नाही. ‘केमीन्स’चा काप मधोमध, ६७.५ ला, मिश्रण मात्र दुसरा गट मोठा आहे हे ध्यानात घेतं आणि काप ६६.६ च्या आसपास आणतं. ६७ मिनिटांच्या नोंदीने बाजू बदलली. गटांचे आकार ३६-६४ ऐवजी ५-९५ असते तर हाच फरक डोळ्यांत भरण्याजोगा झाला असता.

मिश्रणाची आणखी एक जमेची बाजू म्हणजे ‘अनसर्टन्टी’: प्रत्येक नोंदीचा गट किती डळमळीत आहे हे कळतं. सीमेजवळच्या नोंदी वेगळ्या काढून माणसाकडून तपासून घ्यायच्या असतील तर याहून चांगलं साधन नाही.

आता याचे सापळे. ‘एमक्लस्ट’मध्ये बीआयसीची चिन्हं उलटी आहेत, तिथे मोठा आकडा चांगला, आर च्या स्वतःच्या ‘बीआयसी’ फंक्शनमध्ये लहान चांगला. दोन्ही एकाच तक्त्यात शेजारी ठेवून चुकीचा नमुना निवडणं फार सहज होतं. ‘व्ही’ नमुन्यात एखादा आकडा शंभर वेळा तसाच आला असेल, समजा शून्य, तर एक घंटा त्याच्यावर सुईसारखी उभी राहते, तिचा पसरटपणा शून्याकडे जातो आणि हिशेब कोलमडतो. शून्यं आधी वेगळी काढा. बहुतेकदा ‘शून्य’ हा अर्थानेही वेगळाच गट असतो. डेटा एका बाजूला लांब शेपटीचा असेल, जसं उत्पन्न, बिलं, प्रतिसादाचा वेळ, तर शेपटीला बसवायला दोन-तीन घंटा खर्च होतात आणि तुम्हाला नसलेले गट दिसतात. तिथे आधी लॉग घ्या, गट त्यावर पाडा, आणि काप परत मूळ एककात आणा. सगळ्यांत चमत्कारिक प्रकार म्हणजे पसरट घंटेच्या पोटात घट्ट घंटा: मग पसरट गटाचे आकडे घट्ट गटाच्या डावीकडेही आणि उजवीकडेही सापडतात. सुरुवातीला म्हटलेला ‘गट म्हणजे सलग तुकडा’ हा नियम इथे मोडतो, आणि ‘कमी, मध्यम, जास्त’ अशी नावं देणाऱ्याची पंचाईत होते. निकाल आला की प्रत्येक गटाचा ‘रेंज’ काढून एकमेकांवर चढत नाहीत ना ते पाहायचंच.

राहिला ‘किती’चा प्रश्न. इथे सर्वांत जास्त दिशाभूल करते ती ‘गटांनी समजावलेली टक्केवारी’, म्हणजे गटांमधल्या वर्गांची बेरीज भागिले एकूण बेरीज. ७५ टक्के आले की लोक खूश होतात. पण शून्य ते एक अशा सपाट, कसलाही गट नसलेल्या आकड्यांचे दोन तुकडे केले तरी नेमके ७५ टक्केच येतात; तीन केले तर ८८.९, चार केले तर ९३.७५. कारण साधं आहे: तुकड्याची लांबी अर्धी झाली की आतलं व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) चौथाई होतं. एकाच घंटाकृती वितरणाचे दोन तुकडे केले तर ६३.७ टक्के, तीन केले तर ८१. म्हणून तुमच्या निकालाची तुलना शून्याशी करू नका, या आकड्यांशी करा. ‘कोपर’ (गट वाढवण्याचा फायदा जिथे एकदम मंदावतो ती जागा) शोधण्याच्या आलेखाची गतही तीच: सपाट डेटालाही दोनवर छान कोपर दिसतं. सिलुएटची, म्हणजे आकडा शेजारच्या गटापेक्षा आपल्या गटाला किती जवळ आहे ते मोजणाऱ्या निकषाची, अडचण वेगळी. त्याला ‘एकच गट’ हा पर्यायच तपासता येत नाही, त्यामुळे ते निदान दोन गट तरी सांगणारच.

म्हणून पहिली चाचणी ‘एकच उंचवटा आहे का’ याची. ‘डिपटेस्ट’ पॅकेजमधलं ‘डिप टेस्ट’ हे काम करतं. ही चाचणी जॉन आणि पी. एम. हार्टिगन यांची, १९८५ सालची, आणि हे जॉन म्हणजे वरच्या हार्टिगन-वाँगमधलेच. मूळ गृहीतक ‘उंचवटा एकच’. पी-मूल्य (गृहीतक खरं असताना असा डेटा येण्याची शक्यता) मोठं आलं तर गट पाडण्याचा आग्रह सोडा आणि सरळ सांगा की डेटात नैसर्गिक तुटक जागा नाही. वर्ग हवेच असतील तर ते सोयीसाठी पाडले आहेत, म्हणजे चतुर्थक किंवा ठरावीक रकमा, असं स्पष्ट लिहा. पूर्णांकात साचलेल्या डेटावर ही चाचणी भलतीच उतावळी होते, तिथे वर सांगितलेला हेलकावा आधी द्या. शिवाय ती उंचवटे मोजते, गट नव्हे: दोन घंटा इतक्या जवळ असतील की मध्ये दरीच पडत नाही, तर ती ‘एकच’ म्हणेल, आणि ते तिच्या व्याख्येत बरोबरच आहे.

‘सीकेमीन्स’ला गटांची संख्या म्हणून १ ते ९ असा पल्ला दिला की ते बीआयसीवरून स्वतः निवडतं. पल्ल्यात १ ठेवलेला आहे ना ते पाहा. २ पासून सुरू केलात तर ‘गट नाहीत’ असं उत्तर तुम्ही आधीच बंद केलं. निवडलेली संख्या टिकाऊ आहे का हे बूटस्ट्रॅपने तपासा: मूळ आकड्यांतूनच, निवडलेला आकडा परत ठेवत, तेवढ्याच आकाराचे नमुने घेऊन, २०० वेळा, प्रत्येक वेळी गट पाडा आणि कापांच्या जागा एका हिस्टोग्राममध्ये टाका. खरा काप तिथे उंच, अरुंद खांब म्हणून दिसतो. खोटा काप सगळीकडे सांडतो. चार ओळींचा हा प्रयोग कुठल्याही एका निकषाहून जास्त सांगून जातो.

दिवसाची वेळ, वाऱ्याची दिशा, महिना असे आकडे वर्तुळावर बसतात. २३:५० आणि ००:१० यांत वीस मिनिटांचं अंतर आहे, पण आर ला ते जवळजवळ चोवीस तास वाटतं आणि मध्यरात्रीचा गट दोन टोकांना फाटतो. सगळ्यांत मोठी रिकामी फट कुठे आहे ते शोधा, समजा पहाटे चारला. प्रत्येक वेळेतून ४ वजा करून २४ ने भागा आणि बाकी घ्या. वर्तुळ तिथे उलगडलं. आता वरची कुठलीही पद्धत चालेल. शेवटी ४ परत मिळवा.

काही चुकांचे संदेश नेहमीचे आहेत. ‘केमीन्स’ला एखादी नोंद रिकामी दिली तर ते परकीय फंक्शनात ‘एनए’ आल्याची कुरकुर करून थांबतं. ‘ना-ओमिट’ने आधी गाळा, पण गाळलेल्या ओळींचे क्रमांक जपून ठेवा, नाहीतर गट परत मूळ तक्त्याला चिकटवताना एक-एक ओळ सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. वेगळ्या आकड्यांहून जास्त गट मागितले की ‘केमीन्स’ नकार देतं. ‘क्वांटाइल’मधून आलेले काप ‘कट’ला दिले आणि ते ‘ब्रेक्स युनिक नाहीत’ म्हणालं, तर एकच आकडा पुष्कळ वेळा आला आहे असं समजा.

आणि गट एकदा पक्के झाले की नव्या डेटावर सगळी पद्धत पुन्हा चालवू नका. दर महिन्याला नव्याने गट पाडले तर काप दर महिन्याला थोडे हलतात, आणि काल ‘मध्यम’ असलेला ग्राहक काही न करता आज ‘जास्त’ होतो. काप साठवा: एका गटाचा सर्वांत मोठा आकडा आणि पुढच्याचा सर्वांत लहान, यांच्या मधोमध सीमा घ्या, म्हणजे ती प्रत्यक्ष कुठल्याही नोंदीवर बसत नाही. नव्या नोंदींना ‘फाइंडइंटरव्हल’ लावा. ‘कट’ मूळ स्वरूपात उजवी बाजू बंद धरतं आणि ‘फाइंडइंटरव्हल’ डावी. दोन्ही मिसळून वापरले तर नेमके सीमेवरचे आकडे दोन अहवालांत दोन गटांत दिसतात. दोन्हींपैकी एकच ठरवा, आणि ‘कट’ ठरवलंत व टोकांना अनंत लावलं नसेल तर ‘इन्क्लूड लोएस्ट’ चालू करा. नाहीतर सगळ्यांत लहान आकड्याचा गट रिकामा येतो.